आमच्या फाटकावरचा कॅमेरा

कॅमेऱ्यात चित्रण साठवण्यासाठी एक मेमरी कार्ड असते. ते भरले की जुने आपोआप पुसले जाते आणि त्या जागी नवे येते. किश्श्यांची तशी सोय नाही. ते साचतच राहतात. नाशिकमधल्या आमच्या गल्लीत एकच कॅमेरा बसला. पण त्याने काही महिन्यांत जो साठा करून ठेवला आहे, तो आता सांगून रिकामा करणे भाग आहे. चित्रण मात्र कोणी मागू नये. ते पुसले गेले.

* * *

सुरुवात नळापासून झाली. उन्हाळ्यात माझ्या अंगणातला पितळी नळ चोरीस गेला. पाणी वाया जाऊ नये म्हणून चोराने जाताना पाइपच्या तोंडात चिंधी कोंबली होती! मला त्या माणसाविषयी थोडा आदरच वाटला. पुण्यात राहणाऱ्या माझ्या मुलाला, शंतनूला, तो वाटला नाही.

"आई, बस झालं. एकटी राहू नकोस. घर बंद कर आणि इकडे ये."

"एका नळासाठी मी घर सोडणार नाही."

"आज नळ नेला. उद्या काय नेतील?"

"उद्या प्लास्टिकचा बसवते."

शेवटी तडजोड झाली. मी कॅमेरा बसवायचा, तो सुरक्षित ठेवायचा आणि दिवाळीपर्यंत स्वतः चालवून दाखवायचा. जमले तर मुक्काम नाशिक. न जमले तर पुणे. जन्मभर इतरांच्या परीक्षा घेतल्यानंतर या वयात स्वतः परीक्षेला बसणे मला रुचले नाही; पण बसले.

* * *

शेजारचे बोरस्ते आण्णा मूळचे निफाडचे. अंबडच्या एका कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले आहेत. शिडी त्यांची, ड्रिल त्यांचे आणि मतेही त्यांचीच. त्यांनी फाटकावर कॅमेरा बसवला. मोबाइलवर पाहिले, तर माझे फाटक थोडे आणि पलीकडच्या सुमनताई देवरे यांचे अंगण पूर्ण दिसत होते!

सुमनताई कमरेवर हात ठेवून आल्या. "बाई, मी भांडी घासायला बसले की तुम्ही बघणार का?"

त्यांचे म्हणणे योग्य होते. दुसऱ्याचे घर आपल्या कॅमेऱ्यात येता कामा नये. आण्णांनी पुन्हा शिडी लावली आणि कॅमेरा वळवला.

दुसऱ्या दिवशी सुमनताई पुन्हा आल्या.

"बाई, तो जरा इकडं फिरवता का? कुरडया वाळत घातल्यात. कबुतरं लय त्रास देतात."

* * *

कॅमेऱ्याबरोबर कंपनीचा पासवर्ड येतो. तो तसाच ठेवणे म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली तिथेच टांगणे. शंतनूने बजावले होते, "नाव नको, जन्मतारीख नको, आणि कुणाला सांगू नकोस."

मी एक उत्तम पासवर्ड तयार केला. लहान अक्षरे, मोठी अक्षरे, आकडे, चिन्हे. काही म्हणता काही कमी नव्हते. तो माझ्या मोबाइलमध्ये भरण्याचे काम आण्णांनी अंगावर घेतले. रेंज चांगली मिळते म्हणून ते गच्चीवर गेले. मी अंगणात उभी राहून त्यांना एकेक अक्षर सांगितले. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असे बोलण्याची सवय सुटत नाही.

सकाळी भाजीवाली आली. मेथीची जुडी निवडून देता देता ती गंभीरपणे म्हणाली, "बाई, तुमचा पासवर्ड फार अवघड आहे हो. एवढ्या सगळ्या गल्लीच्या लक्षात कसा राहायचा?"

तो त्याच दुपारी बदलला. या वेळी घरात बसून, तोंड मिटून.

* * *

माणूस दिसला की कॅमेरा मोबाइलवर सूचना धाडतो. एका वादळी संध्याकाळी शंतनूला सूचना गेली. चित्रात माझ्या जास्वंदीपाशी कोणीतरी दोन्ही हात हलवत होते. माझा फोन लागेना, म्हणून त्याने आण्णांना लावला. आण्णा फाटकापर्यंत जाऊन पाहून आले.

"घाबरू नको," ते म्हणाले, "तो मीच हाय."

"आण्णा, तुम्ही तर माझ्याशी फोनवर बोलताय!"

"मी इथं हाय रे. सदरा तिथं हाय. दोरीवरून उडून गेलाय."

* * *

कॅमेऱ्यातून बोलताही येते, हे आम्हांला उशिरा कळले. एकदा सुमनताई माझ्याकडे कढीपत्ता न्यायला आल्या आणि फाटक उघडे टाकून निघाल्या. तेवढ्यात वरून आवाज आला, "काकू, फाटक लावून घ्या!"

दुसरे कोणी असते, तर दचकले असते. सुमनताईंनी वर पाहून विचारले, "कोण, शंतनू का? जेवलास का रे?"

शंतनू पुण्याला गेल्यावर सुमनताई गल्लीत राहायला आल्या. सुट्ट्यांत तो इकडे येतो तेव्हा त्या नामपूरला माहेरी असतात. त्यामुळे त्यांनी त्याला प्रत्यक्ष पाहिले नव्हते. त्या दिवसापासून मात्र रोज सकाळी त्या कॅमेऱ्याखाली उभ्या राहून त्याला गल्लीचे वर्तमान सांगू लागल्या. पलीकडे तो आहे की नाही, याची चौकशी त्या करीत नसत.

एके दिवशी मी आत चहा गाळत असताना मला ऐकू आले, "शंतनू, काल बाई अंगणात घसरून पडल्या. तुला सांगू नको म्हणाल्यात. म्हणून मी काही सांगत नाही."

लगेच फोन वाजला. पुण्यात माझ्यासाठी खोली रंगवून झाली होती, असे कळले.

* * *

दसऱ्याला मी देवळात गेले होते. इकडे शंतनूच्या मोबाइलवर सारे घर लालभडक झाले! त्याने धास्तावून आण्णांना फोन केला. आण्णा शिडी घेऊन धावले आणि पाहतात तो, कॅमेऱ्याला झेंडूची माळ आणि भिंगावर हळदकुंकवाचा भरघोस लेप. आदल्या दिवशी त्यांची शिडी सुमनताईंनी उसनी नेली होती.

"ताई, हे काय केलंत?"

"पूजा केली. दसऱ्याला आपण कोयता पुजतो, शिवणाचं मशीन पुजतो. हा तर घर राखतो!"

"अहो, पण डोळ्यावर कुंकू?"

"मग त्याला कपाळ कुठाय?"

मला हसू आले. शंतनूला आले नाही. "आई, मी येतोय. तुझं सामान भरायला."

* * *

तो कळवलेल्या दिवसाच्या आधीच आला. आण्णा द्राक्षांच्या छाटणीसाठी निफाडला गेले होते आणि मी वाचनालयात होते. मोबाइल थरथरला. पडद्यावर माझे कुलूपबंद फाटक, तोंडाला मास्क लावलेला शंतनू, दोन मोठ्या बॅगा आणि कुंपणापलीकडून आलेल्या सुमनताई दिसल्या.

त्यांनी आधी बॅगा उचलून पाहिल्या. संशय आला की त्यांच्या तोंडी माहेरची अहिराणी येते; 'आहे'चे 'शे' आणि 'आहेत'चे 'शेत' होते.

"रिकाम्या शेत! कोन शे रे तू? बंद घरापुढं रिकाम्या बॅगा घेऊन कोण येतं?"

"काकू, मी शंतनू."

"शंतनू पुण्याला असतो. काय न्यायला आलास?"

"आईला."

"बाईंना? नळ नेला तेव्हा आम्ही काही बोललो नाही!"

त्याने मास्क काढला. सुमनताईंवर काही परिणाम झाला नाही. "शंतनूचा आवाज मी रोज ऐकते. तो वरून बोलतो. तू शंतनू असशील तर तिथून बोल."

बोलण्याचे बटण माझ्याही मोबाइलवर होते. मी मासिकाचे पान उलटले.

शंतनूने नाइलाजाने मोबाइल काढला, ॲप उघडले आणि तो तोंडाशी धरला. कॅमेऱ्यातून आवाज आला, "काकू, मी शंतनू बोलतोय."

सुमनताईंचा चेहरा उजळला. त्यांनी समोरच्या माणसाकडे पाठ फिरवली आणि मान वर केली.

"बरं झालं बोललास रे! तुझ्या दारात एक माणूस आलाय. बाईंना घेऊन जातो म्हणतो. त्यांच्याशिवाय या गल्लीत कुणाचं पान हलत नाही, आणि त्यांचंही आमच्याशिवाय. पण मुलगा तू आहेस. तू म्हणशील तसं करते. काय सांगू त्याला?"

शंतनूने मोबाइल पुन्हा तोंडाशी नेला. मग कॅमेऱ्यातून आवाज आला.

"काकू, त्याला चहा पाजा आणि परत पाठवा."