अँटेनाले लावलं कुंकू

बायांनो, आज माह्या जीवाले लय घोर लागला होता. आमच्या बुढ्याले डोळ्यानं दिसत नाही, त्याचा दिवस रेडिओवरच जाते. त्या रेडिओचा अँटेना बकरीनं मोडला. बकरी माहीच, माह्याच लाडाची. कामठ्याच्या बाजारात अँटेना भेटला नाही, म्हणून नातीनं, पिंकीनं, ऑनलाइन मागवला. पहिल्या दुकानदारानं भलताच पाठवला अन् फोन उचलणंच बंद केलं.

आज दुसऱ्याचा आला. पिंकीनं बसवला, त नुसती खरखर. बुढा म्हणे, "पुन्हा फसली तू."

रागानं दुकानदाराले फोन लावला. त्यानं लगेच उचलला.

"आजी, बसवायच्या आधी पूजा केली का?"

"केली ना. नवी वस्तू घरात आली, मंग तेलात कालवून कुंकू नाही लावाचं?"

"माझ्या आईनंही असंच केलं होतं. अँटेना काढून खाली स्क्रूजवळचं तेल-कुंकू पुसा, त्यानं जोड लागत नाही. मी फोनवरच आहे."

पदरानं पुसलं, पिंकीनं पुन्हा बसवला, अन् गाणं असं लागलं का बकरी दचकली. बुढा अजून मान डोलवून राहिला.

पैसे भेटल्यावरही फोन उचलते, तो दुकानदार खरा, असं मी म्हणतो. तुम्ही कसा पारखता?