हाताशी असेल ते

आक्काचा भाऊ आठवडाभर गोदामात पोती मोजायचा आणि सुट्टीच्या दिवशी माणसं मारायचा. कागदावर. त्याच्या मारामारीच्या कादंबऱ्या पानटपरीवर दोरीला लटकायच्या. गल्लीतली पोरं त्याला मागून ‘ढिश्यूम’ म्हणायची, ते त्याला ठाऊक होतं आणि आतून गोडच लागायचं. बाकी उभ्या जन्मात त्याने कुणाच्या कानाखाली वाजवली नव्हती. झुरळ निघालं तरी आक्काला हाक मारायचा.

आक्का नवऱ्याचं घर सोडून आली त्याला बरीच वर्षं झाली. आली ती डोक्यावरून पदर घट्ट ओढूनच. भावाने पिशवी आत घेतली, खाट टाकून दिली, शिलाई मशीन आणून दिलं. उपकार म्हणाल तर डोंगराएवढे. पण काय झालं, ते कधी विचारलं नाही. आक्काला वाटायचं आज विचारेल, उद्या विचारेल. सांगायचं सगळं ओठांवर येऊन बसलेलं, नुसती कुणी विचारायची खोटी. पण हा बाबा ऊन वाढलंय, नळाला पाणी नाही, एवढं बोलायचा आणि हात धुऊन उठायचा.

मग एकदा प्रकाशकाने त्याची कादंबरी परत धाडली. म्हणाला, किराणा दुकानदाराच्या स्वयंपाकघरात भिंतीवर तलवार कुठून आली? तुझ्या मारामाऱ्या बऱ्या असतात, हत्यारं पटत नाहीत. भावाला ते मिरचीसारखं झोंबलं. हत्यार शोधत तो घरभर फिरायला लागला. लाटणं उचललं, बत्ता तोलून पाहिला, छत्रीचे दोन वार हवेत केले आणि दिव्याचा बल्ब फोडला.

आक्का काज करत बघत होती. शेवटी तिला राहवेना.

“अरे, डोकं फिरलेला माणूस हत्यार शोधत बसतो होय? हाताशी असेल ते उचलतो.”

“म्हणजे काय, सांग की.”

“बॅटरी. लांब, पत्र्याची. सेल भरलेले असले की वजन बरं येतं.”

आक्काचा नवरा रखवालदार होता. बॅटरी त्याच्या बगलेतच असायची. भावाने स्वतः ती पाहिली होती, पण त्याचं लक्ष तिकडे गेलंच नाही. तो खूश होऊन माळ्यावरची जुनी बॅटरी काढून आला. कुठलीही मारामारी आधी करून पाहिल्याशिवाय तो लिहीत नसे. त्याने आक्काला भिंतीशी उभं केलं आणि बॅटरी उगारली.

आक्काचा हात आपोआप वर गेला. कपाळाशी नाही, उजव्या कानामागे. हनुवटी छातीला टेकली, दुसरं कोपर बरगडीशी आलं.

“असंच, हलू नकोस,” म्हणत भाऊ तिच्याभोवती फिरला, शिंपी माप घेतो तसा. आक्का तशीच उभी. हात खाली येईना. तिला वाटलं, आता तरी विचारेल.

“काय झकास केलंस गं,” म्हणाला आणि लिहायला बसला.

प्रकाशकाने पाठ थोपटली. छापण्याआधीचे कागद तपासायला आले, तेव्हा भावाने तो प्रसंग आक्काला मोठ्याने वाचून दाखवला. दुकानदार चिडतो, बॅटरी उचलतो, बायकोच्या कपाळावर एक फटका आणि बायको खलास.

“त्याने बाई मरत नाही रे,” आक्का म्हणाली.

“वाचकाला पटतं.”

“मरत नाही. उठते आणि चहा टाकते.”

“तुला काय माहीत?” कागदातून मान न काढता त्याने विचारलं.

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो प्रश्न आला, तो असा. आक्काने मशीन थांबवलं. जवळ गेली, डोक्यावरचा पदर खाली घेतला आणि उजव्या कानामागचे केस बाजूला केले. तिथे बोटभर जागेत केस उगवलेच नव्हते.

भावाने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पेन्सिल उचलली, ‘कपाळावर’ खोडलं आणि वर बारीक अक्षरात ‘कानामागे’ लिहिलं.