नंदाच्या पाठीवर ठेवलेले हात

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. घरातही नाही. सांगायला बसले की जीभ दुसरीकडेच वळते – आताही वळेल कदाचित.

इकडे उत्तरेत, दुर्गाघाटाजवळच्या एका हॉलमध्ये मी बायकांचा योगवर्ग घेते. तिथे विचारल्याशिवाय कोणाला हात लावला जात नाही. जिला मध्येच थांबायचंय तिनं थांबावं, कारण सांगायची गरज नाही. मार खाल्लेल्या, भ्यालेल्या बायका म्हणूनच इथे टिकतात, असं लोक म्हणतात. परवा एका नव्या शिक्षिकेनं विचारलं, "दीदी, ये सब आपने कहाँ सीखा?"

"दिल्ली के शिविर में," मी म्हटलं.

खोटं. शिबिरात यातलं काहीच नव्हतं. मी ते नंदामुळे शिकले. पण 'शिकले' म्हणणं – तेही किती सोयीचं, नाही?

नंदा भावाकडे राहायला आली होती. भाऊ रेल्वेत. नवरा तिला खोलीत कोंडायचा, मागून येऊन मारायचा. पहिल्याच दिवशी चपला काढता काढता तिनं हे सांगून टाकलं. "ताई, मला मागून हात नका लावू. दार तेवढं उघडं ठेवा. बाकी सगळं करीन मी."

"बस निवांत," मी म्हटलं.

आधी ती नुसती बसायची. मग हात वर करायला लागली. महिन्याभरानं एका पायावर उभं राहताना तोल गेला, धपकन पडली – आणि मोठ्यानं हसली. सगळ्याच हसल्या. मला वाटलं, हे माझं यश.

त्याच आठवड्यात दिल्लीहून एक बाई वर्ग बघायला आल्या. तिथल्या शिबिरासाठी शिक्षिका निवडायची होती. गल्लीत मोटरसायकलींचा कलकलाट, म्हणून मी दार लावलं. नंदानं माझ्याकडे पाहिलं. मी न पाहिल्यासारखं केलं.

पुढे वाकताना तिची पाठ हवी तितकी वाकेना. पाहुण्या बाई बघत होत्या. मी विसरले होते का? – नाही. तिच्या मागे जाऊन उभी राहिले, तेव्हाही तिचं बोलणं जसंच्या तसं आठवत होतं. तरी मी दोन्ही हात तिच्या पाठीवर ठेवले आणि दाबलं.

ती ओरडली नाही. सतरंजीवर अंग आखडून पडली, दोन्ही हातांनी डोकं झाकून. कपडे ओले झाले.

मी काय केलं? पाहुण्यांकडे बघून हसले. "कुछ नहीं, खाली पेट आई होगी." वर्गातल्या दोघींना तिला बाहेर न्यायला सांगितलं आणि पुढचं आसन सुरू केलं.

माझी निवड झाली.

नंदा पुन्हा वर्गाला आली नाही. बायका विचारायच्या, मी सांगायची, "मन नाही गं तिचं व्यायामात." काही महिन्यांनी भावाची बदली झाली, ती सगळी मंडळी गेली.

जाण्याआधी एकदाच भेटली, भाजीच्या गल्लीत. मला टाळून जाता आलं असतं तिला. ती मुद्दाम थांबली. मान खाली घालून म्हणाली, "ताई, त्या दिवशी पाहुण्यांसमोर तुमची फजिती केली मी. फार वाईट वाटतंय. माफ कराल ना?"

आजूबाजूला ओळखीचं कोणी नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं – एवढंच. तिला खरंच वाटत होतं की चूक तिची. आणि मला – मला सुटल्यासारखं वाटलं.

"जाऊ दे," मी म्हटलं. "केलं माफ."

तिनं वाकून मला नमस्कार केला.