खोगिराला तेल

उद्या दिवसभर डोंगरात फिरायचं म्हणून मी अंगणात खोगिराला तेल लावत बसलो होतो. घोडा नवा, नुकताच वयात आलेला.

"खिंडीपर्यंत जाऊ. तो दमला की परत फिरू," मी बायकोला म्हणालो.

"दमलाय हे कळणार कसं? आपली म्हातारी घोडी चढावर आपणहून थांबायची. हा तुम्ही टाच मारलीत की पडेपर्यंत चढेल."

माझा हात थांबला. नाही म्हणायला जो अजून शिकलाच नाही, त्याच्या होकारावर विसंबायचं कसं? नव्या सुना, नवे नोकरही असेच सगळ्याला हो म्हणतात, आणि आपण त्याला हौस समजतो.

तेवढ्यात तेलाच्या वासानं घोडा जवळ आला आणि खोगीर चढवा म्हणून निमूट उभा राहिला.