भिंतीवरची तपकिरी वेल

आमच्या नेरूळच्या घरात हॉलच्या भिंतीवर एक तपकिरी रेघ उगवली, तेव्हा मी काय केलं असेल, तर तिचा फोटो काढला. एवढ्यावर थांबलो असतो तर ठीक होतं. पण तो फॅमिली ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, ‘जुन्या फ्रेमचं पॉलिश ओघळून भिंतीवर आपोआप वेल उमटली. निसर्गाची कलाकारी!’ मेहुण्याने अंगठा दिला. मुलीने पुण्याहून ‘बाबा, सो एस्थेटिक’ असं कळवलं. मग मी आणखीच चढलो.

ती भिंत माझीच कल्पना. दातांच्या डॉक्टरकडे नंबर लवकर येत नाही आणि तिथे घरसजावटीची मासिकं पडलेली असतात. घरातल्या एका तरी भिंतीने घरच्या माणसांची गोष्ट सांगावी, असं त्यातल्या एकात वाचलं होतं. आमच्या भिंती तोवर फक्त वेळ आणि तारीख सांगत होत्या. मी माझ्याकडच्या जुन्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं सोडवली, तुर्भ्याच्या बाजूला एका जुन्या फर्निचरवाल्याकडून लाकडी फ्रेमा आणल्या आणि भिंत भरून टाकली. तो म्हणाला होता, “सागवान आहे.” मी घरी येऊन सांगितलं, “बर्मा सागवान आहे.” बर्मा माझ्या पदरचा.

दिवाळी अंक जमवायचं वेड मात्र दातांच्या डॉक्टरकडचं नाही. लग्नाआधी माझी बायको दिवाळी अंकांतल्या कथांसाठी चित्रं काढायची. काळ्या शाईतली, बारीक रेघांची. खिडकीशी उभ्या बायका, पाठमोरे पुरुष, रिकाम्या खुर्च्या. रद्दीच्या दुकानांतून, ओळखीच्यांच्या माळ्यांवरून मी ते अंक हुडकून आणतो. छापलेलं चित्र असतं काडेपेटीपेक्षा थोडं मोठं. मूळ चित्रं चांगली मोठी, जाड कागदावरची. तीसुद्धा संपादकांशी भांडून तिने परत मिळवलेली. पुढे नोकरी, मुलगी, माझे आईवडील, माझं पथ्यपाणी असं एकामागून एक येत गेलं आणि चित्रं दोन प्लायच्या फळ्यांमध्ये बांधून माळ्यावर गेली. यंदा ती रिटायर होते आहे. “मग खाली काढीन आणि परत बसेन,” असं म्हणत असते. एकदा मेथी निवडता निवडता म्हणाली होती, “माझं म्हणून या घरात तेवढंच आहे.” मी तेव्हा पेपर वाचत होतो, पण ऐकलं होतं.

बाथरूमवरचा तो माळा हॉलच्या याच भिंतीला पाठ लावून आहे.

त्या रविवारी ही बहिणीबरोबर वाशीच्या मार्केटात वर्षाचे गहू बघायला गेली होती. शेजारच्या काकी आमचा डबा परत द्यायला आल्या. काकी मूळच्या इथल्याच, सारसोळे गावच्या. गावात त्यांच्या खोल्या भाड्याने आहेत, आमच्या इमारतीत दोन फ्लॅट आहेत, आणि मी स्वतःच्या घरात राहतो यावर त्यांचा अजून विश्वास नाही. मी कौतुकाने त्यांना वेल दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

“भाऊ, ही वालवी हाय.”

“नाही हो काकी, पॉलिश आहे. बर्मा सागवान.”

“ब्रम्हदेवाचा सागवान असंल, पन ही वालवी हाय. आमचे सारसोल्याचे घराचा आख्खा दरवाजा खाल्ला हिनी. वरशी रंग तसाच. बोट लावला त आत पोकल.”

त्यांनी बोट रेघेवरून वर नेलं. माझंही लक्ष पहिल्यांदाच वर गेलं. रेघ एका फ्रेमच्या मागून निघत होती, दुसरीला वळसा घालत होती आणि छताजवळच्या कोपऱ्यात भिंतीत शिरत होती. त्या कोपऱ्यापलीकडे माळा होता.

“थोरी खरवडून ठेवा,” काकी म्हणाल्या. “उद्या परत भरली त समजा जित्ती हाय.”

“काकी, हिला एवढ्यात सांगू नका हं.”

“मना काय करायचाय? वालवी सोताच सांगंल.”

त्या गेल्यावर मी नखाने रेघ बोटभर खरवडली. आत पांढरट, मऊ, आंधळे किडे एकमेकांच्या अंगावरून धावत होते. माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो पुरुषाचा नव्हता. मी एक फ्रेम उचलून त्या जागेवर टांगली आणि ही आली तेव्हा गव्हाच्या दाण्याचं इतकं कौतुक केलं, की हिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

मी भित्रा माणूस आहे, ही गोष्ट लग्न ठरवताना आमच्या घरच्यांनी लपवून ठेवली होती. पाल, लिफ्ट, सोसायटीची वार्षिक सभा, सगळ्याची मला भीती वाटते. पण ही भीती वेगळी होती. बायको ओरडेल याची मला भीती नव्हती. ती ओरडत नाही. ती गप्प होते. सासरी आल्यावर चित्रांचं सामान बांधलं, तेव्हा अशीच गप्प झाली होती, आणि त्या गप्प होण्याला मी तेव्हा समजूतदारपणा म्हणालो होतो.

सकाळी ही आंघोळीला गेल्यावर फ्रेम सरकवून पाहिलं. रेघ भरली होती. नुसती भरली नव्हती, ताजी होती. बोट लावलं तर ओल लागली. मी झोपलो असताना या भिंतीवर काम चालू होतं, आणि ते काम करणाऱ्यांना आमच्या घरातलं सगळ्यात चांगलं काय आहे ते माझ्याआधी कळलं होतं.

मी पेस्ट कंट्रोलवाल्याला जिन्यात जाऊन फोन केला.

“सर, येतो ना. माळा फक्त पूर्ण रिकामा करून ठेवा.”

“रिकामा न करता नाही होणार?”

“सर, वाळवी आहे. झुरळ नाही.”

नंतर कळवतो म्हणालो. माळा रिकामा करायचा म्हणजे त्या फळ्या खाली काढायच्या, सुतळी सोडायची, आणि आत काय उरलं ते बघायचं. न बघता ती चित्रं अजून शाबूत होती. हा हिशोब मूर्खपणाचा आहे हे मला कळत होतं, पण मी त्याला धरून बसलो. टीव्ही बघताना माझं लक्ष भिंतीकडे. पंखा बंद केला की कुरतडल्याचा आवाज यायचा, निदान मला तरी यायचा. एकदा हिने मला भिंतीला कान लावताना पकडलं.

“काय ऐकताय? काकींकडे भांडण आहे का?”

“नाही. ओल आली का बघत होतो.”

“कानाने?”

मी हसलो. तीही हसली. तिचं ते हसणं बघून मला जी धडकी भरली, ती काकींनी बोट वर नेलं तेव्हासुद्धा भरली नव्हती. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी फ्रेमा पुसायला घेतल्या.

शेवटी एका दुपारी ही ऑफिसात असताना शिडी लावली. माळ्याचं दार उघडलं तर चौकट हातात आली, पापडासारखी हलकी. आतल्या रिकाम्या सुटकेसेस, कुकरचे खोके बाजूला केले. मागे भिंतीशी त्या फळ्या उभ्या होत्या. सुतळी जागच्या जागी. मी अंगठ्याने पुढची फळी दाबली. अंगठा आत गेला.

पुढे हात लावायची माझी हिंमत झाली नाही. ही आली तेव्हा मी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर बसलेलो होतो, केसांत माती, हातात चौकटीचा तुकडा. पर्स खांद्यावर तशीच ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं, मग वर, मग भिंतीवरच्या वेलीकडे. मी सगळं सांगितलं. फ्रेमा, काकी, खरवडणं, फोन. मधे थांबलो असतो तर परत सुरू करता आलं नसतं.

“उतरा,” एवढंच म्हणाली. स्वतः वर चढली, फळ्या तान्ह्या मुलासारख्या दोन्ही हातांवर घेऊन खाली आली आणि हॉलच्या फरशीवर पेपर पसरून बसली. सुतळी सोडली. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, मग लाज वाटून वळलो.

वरची चित्रं गेली होती. कागद जागेवर होता, पण उचलायला गेलं की मातीचा चुरा व्हायचा. मधल्या चित्रांचे काठ नकाशातल्या समुद्रकिनाऱ्यासारखे कुरतडलेले. एका बाईची खिडकी राहिली होती, बाई नव्हती. खालची थोडी चित्रं मात्र वाचली होती, काळी शाई काळीच होती. माझा दाढीचा ब्रश मागून घेऊन ती एकेका कागदावरचे किडे झटकत होती. माझ्याकडे बघत नव्हती. मी तिच्या मागे उभा राहून ब्रशचा आवाज ऐकत होतो, आणि तो थांबेल तेव्हा काय, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तो थांबला. वाचलेली चित्रं तिने एकावर एक ठेवली, त्यांच्यावर तळहात ठेवला.

“गेली त्यांचं मी बघेन,” ती म्हणाली. “परत काढीन, नाही तर नाही काढणार. पण इतके दिवस तुम्ही माझ्या शेजारी बसून चहा पीत होतात आणि मला माहीत नव्हतं. त्याचं काय करू ते सांगा. आणि रोज म्हणत होतात, चहा छान झालाय. लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी म्हणाला नव्हतात. मीच बावळट, मला खरं वाटलं.”