आलमारीचा आरसा

ती राहायला येणार हे कळलं, त्या दिवसापासून मला आमच्या घराच्या भिंती दिसायला लागल्या. त्याआधी सात वर्षं मी त्याच भिंतींत राहत होते, पण मान वर करून कधी नीट पाहिलं नव्हतं. आता चहा ठेवताना, कपड्यांच्या घड्या करताना नजर सारखी वर जायची. बाहेरच्या खोलीला कमरेपर्यंत हिरवा ऑइलपेंट आणि त्याच्यावर पोपडे धरलेला निळा चुना. आतल्या खोलीत धान्याच्या कोठ्या, मागच्या हंगामातली रिकामी पोती, मोडका कूलर आणि गंज चढलेली लोखंडी आलमारी. या घरात तेरा वर्षांची पोरगी कशी रमणार?

ती म्हणजे माझ्या नवऱ्याची मुलगी, पहिल्या बायकोची. ती चार वर्षांची असताना तिची आई काविळीनं गेली आणि आईकडची आजी तिला राजूरला घेऊन गेली. दोन वर्षांनी मी या घरात आले. दरवर्षी दिवाळीत ती चार दिवस यायची, दिवाणाच्या कडेवर बसायची, पाणी प्यायचं असलं तरी विचारून प्यायची. आत्याला, आजीला ती ‘तू’ म्हणायची, मला मात्र ‘मावशी, तुम्ही’. या वर्षी तिच्या मामाची राजूरच्या कोळशाच्या खाणीतून दूर कुठेतरी बदली झाली. आजीनं फोनवर सांगितलं, “मे महिनाभर तिकडं पाठवतो. करमलं त राहील, नाही त आमच्यासंग येईल. जबरदस्ती करू नका पोरीवर.”

मला मूल नाही. हे इथेच सांगून टाकते, म्हणजे माझी त्या महिन्यातली घालमेल वेगळी समजावून सांगायला नको.

नवऱ्याचं पांढरकवड्याच्या बाहेर हायवेवर ट्रकच्या टायरांचं दुकान आहे. घरातला कुठलाही अवघड विषय निघाला की त्याला दुकानात एखादा ट्रक येऊन उभा असतो. “तुले जे करायचं ते कर,” एवढं म्हणून तो निघून गेला. मग मीच रंगारी बोलावला. त्यानं रंगांचं कार्ड हातात दिलं आणि माझं डोकं फिरलं. गुलाबी द्यावा तर शेजारीण म्हणाली, आता पोरींना गुलाबी आवडत नाही. पिवळा द्यावा तर लग्नाचा हॉल वाटेल. राजूरला कोळशाची धूळ, तिथे सगळं काळपट, म्हणून पांढरा द्यावा, असं एकदा ठरवलं. रात्रभर तळमळून सकाळी तेही मोडलं. रंगाऱ्यानं भिंतीवर पाच रंगांचे पाच चट्टे ओढून दिले आणि दोन दिवस मी त्या चट्ट्यांसमोर उभी राहून काढले. शेवटी तोच वैतागून म्हणाला, “वहिनी, पोरगी भिंत पाहाले येऊन राह्यली का तुम्हाले?” मला इतका राग आला की मी हातातल्या कार्डावर न पाहता बोट ठेवलं. फिका जांभळा निघाला. तोच दिला.

खरी पंचाईत शोकेसची होती. बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या बाजूला भिंतीतच कडप्प्याच्या फळ्यांचं काचेचं शोकेस. त्यात प्लास्टिकच्या वायरचा पोपट, बाटलीतली लोकरीची बाहुली, कापसाचा ससा, मोत्यांचा हंस, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर आणि मागे कापडावर टाके घालून भरलेलं ‘सुस्वागतम्’. सगळं पहिलीच्या हातचं. लग्न होऊन आले त्या आठवड्यातच मी ठरवून टाकलं होतं की याला आपण धक्का लावायचा नाही. दर दिवाळीला एकेक वस्तू बाहेर काढायची, ओल्या कापसानं पुसायची आणि होती तिथेच, होती तशीच ठेवायची. सशाचा एक कान लुळा पडला तेव्हा मी दिवसभर जेवले नव्हते. आपल्या हातून मोडला असं कोणाला वाटायला नको, ही धास्ती.

“हे शोकेस फोडून टाका,” रंगारी म्हणाला. “आता हे कोणी ठेवत नाही.”

“त्याले हात लावू नको,” मी जवळजवळ ओरडलेच.

तरी खात्री असावी म्हणून मी नवऱ्याला विचारलं, “हे सगळं तिनंच केलं होतं ना?”

“तिनंच असंल,” तो बूट घालत म्हणाला. “दुसरं कोण करणार?”

मग मी शोकेसला नवीन काच बसवली. आतून बारीक दिव्यांची पट्टी लावून घेतली. बटण दाबलं की पोपट, हंस, बाहुली सगळं उजळून निघायचं. गल्लीतल्या बाया येऊन पाहून जायच्या. “सवतीसाठी इतकं कोण करते माय!” असं म्हणायच्या आणि मी वरवर “त्यात काय एवढं,” म्हणत आतून फुलून यायचे. पोरगी आली की तिला दिसेल, या बाईनं आपल्या आईला घरातून हद्दपार केलेलं नाही. माझी सगळी भिस्त त्या शोकेसवर होती.

आता आलमारीचं सांगते. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

आतली खोली तिच्यासाठी रिकामी केली, पलंग आणला, पडदे शिवले. राहिली ती गंजलेली आलमारी. नवऱ्याच्या दुकानाजवळ ट्रक रंगवणारा एक जण बसतो, त्याच्याकडे ती फवाऱ्यानं रंगवायला द्यायची ठरली. टेम्पो यायच्या आधी मी तिच्या दारावरचा मोठा आरसा पुसायला घेतला. त्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात टिकल्या होत्या. पहिलीच्या. झोपताना किंवा अंघोळीला जाताना आपण सगळ्याच बाया कपाळावरची टिकली काढून आरशाला चिकटवतो, तशा तिनं चिकटवलेल्या. लग्न होऊन आले त्या दिवशी मी केस विंचरायला आरशासमोर उभी राहिले आणि पहिल्यांदा दिसल्या त्या या टिकल्या. फोटोतली बाई भिंतीवर असते, तिला हार घातलेला असतो. ही बाई मात्र आत्ताच टिकली काढून स्वयंपाकघरात गेल्यासारखी वाटली. मी माझी टिकली लावायची ती पार खाली, आरशाच्या खालच्या पट्टीजवळ. वर कधी लावली नाही. आणि वर पाहायचंही टाळलं.

त्या दिवशी मी घासलेटात बोळा बुडवला, जुनं ब्लेड घेतलं आणि त्या सगळ्या खरडून काढल्या. माझ्याही काढल्या, म्हणजे मनाला सांगता यावं की आपण नुसता आरसा साफ केला. इतक्या वर्षांचा मळ, नवी पोरगी येणार, आरसा लख्ख हवा. पण हात कुठे जास्त जोरानं चालत होता ते मला ठाऊक होतं. शोकेस मी जपलं, कारण ते चार लोकांना दिसत होतं. टिकल्या कोणाच्या लक्षातही येणार नव्हत्या.

आलमारी परत आली ती दुधासारखी पांढरी होऊन. नको नको म्हणताना ट्रकवाल्या रंगाऱ्यानं दाराच्या खालच्या बाजूला एक लाल गुलाब काढलाच होता.

मामा तिला दुपारी सोडून गेला, चहासुद्धा उभ्यानं प्यायला. मी भर उन्हाच्या वेळी शोकेसचं बटण दाबलं. केळापूरच्या देवीला ओटी बोलून ठेवली होती.

“पाह्य,” मी म्हटलं, “तुह्या आईच्या हातचं सगळं. जसंच्या तसं ठेवलं.”

तिनं पाहिलं. पोपट, ससा, हंस, ‘सुस्वागतम्’. मग अतिशय सांभाळून, मला लागू नये असं म्हणाली, “मावशी, हे आत्यानं केलेलं हाये. तिच्या लग्नाआधी. आजी म्हणते, आईले सुईत दोरासुद्धा ओवता येत नव्हता.”

नवरा दारात उभा होता. “हो का?” तो म्हणाला. “असंल मग आत्याचंच.” आणि त्याला दुकानात ट्रक आल्याची आठवण झाली.

सात वर्षं मी नणंदेचा ससा पुसत होते. हसावं की भिंतीवर डोकं आपटावं ते कळेना. ज्या एका गोष्टीवर मी सगळा भार टाकला होता ती पहिल्या पाच मिनिटांत गेली, आणि अजून आख्खा महिना पुढे होता.

नवी खोली तिनं पाहिली. “छान हाये,” म्हणाली. पलंगाच्या कोपऱ्यात बॅग ठेवली. त्या बॅगेनं पुढचे दिवस माझा जीव खाल्ला. रोज सकाळी ती चेन उघडून एक ड्रेस काढायची आणि चेन पुन्हा बंद करायची. रात्रीचे कपडे घडी करून परत बॅगेत. मी तीनदा सांगितलं, “आलमारीतला मधला खण तुहाच हाये माय, कपडे लाव.” ती मान हलवायची. पण आलमारी काही उघडायची नाही. मी स्वयंपाकघरातून कान देऊन असायचे. चेन वाजली की पोळी तव्यावर तशीच राहायची. कधीही उठावं आणि मामाला फोन करावा अशी तयारी करून बसलेली पोरगी. जेवताना मी तिच्या ताटात काय उरलं ते पाहत होते, बाहेरच्या खोलीतल्या कूलरपुढे बसली तर गार लागतं का विचारत होते, नाही बसली तर उकडतं का विचारत होते. माझ्याच बोलण्याचा मला वीट आला होता. पण गप्प बसले की घर इतकं शांत व्हायचं की पुन्हा काहीतरी विचारायचे.

चौथ्या दिवशी सकाळी मी वाळलेले कपडे घेऊन आत गेले, तर ती आरशासमोर उभी. उजव्या हाताचं बोट वरच्या कोपऱ्यात काचेवर फिरवत होती. तेव्हा मला दिवाळीतले ते चार-चार दिवस आठवले. दर वेळी ती या आरशासमोर किती तरी वेळ उभी असायची आणि मी शेजारणीला सांगायचे, पोरगी मोठी होऊन राह्यली, सारखी आरशात पाहते.

“इथं टिकल्या होत्या,” ती म्हणाली.

रंगाऱ्यानं काढल्या असतील, हे माझ्या जिभेवर तयार होतं. तो काही साक्ष द्यायला येणार नव्हता. पण तिच्या बोटाकडे पाहून ते बाहेर पडेना.

“मी काढल्या,” मी म्हटलं.

“काहून?”

“मले खुपत होत्या त्या.”

मी कपडे पलंगावर ठेवले. झालं, संपलं, आता ही बॅग उचलेल, एवढंच डोक्यात.

“मले तिचं तोंड आठवत नाही,” ती आरशाकडेच पाहत म्हणाली. “फोटोतलं आठवते. पण टिकली लावतानाचा हात आठवते. टाचा उंच करून लावे. म्हणे, तुह्या हाताले नाही लागल्या पाहिजे.”

मी पलंगावर बसले. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते मी पुसलंही नाही. आणि मग मला कळलं की मला त्या टिकल्या आठवतात. सगळ्या. सात वर्षं ज्यांच्याकडे पाहायचं टाळलं, त्यांची जागा न् जागा मला पाठ होती. नवऱ्याला विचारलं असतं तर त्याला आरशावर टिकल्या होत्या हेही सांगता आलं नसतं.

मी माझी टिकल्यांची पाकिटं घेऊन आले.

“सगळ्यात वर बारीक लाल होती,” मी म्हटलं. “उभी. जराशी तिरपी.” लावली. “तिच्या खाली दोन गोल, मरून. एकमेकीले चिकटून.” तिनं पाकिटातून मरून टिकल्या काढून माझ्या बोटावर दिल्या. “इथं एक खड्याची. पण खडा पडलेला होता, नुसता डाग राह्यला होता.” मी नखानं एका टिकलीचा खडा उडवला आणि लावली. “आणि ही हिरवी, काचेच्या अगदी काठावर. अर्धी लोखंडावर गेली होती.”

“हिरवी मले आठवते,” ती एकदम म्हणाली. पुन्हा म्हणाली, “हिरवी आठवते मले.”

मग तिनं विचारलं, “तुमच्या कोणत्या होत्या?”

मी माझ्या कपाळावरची काळी टिकली काढली आणि खाली वाकून होती तिथे लावली, खालच्या पट्टीजवळ, गुलाबाच्या थोडी वर.

तिनं वाकून पाहिलं. “तुह्यी काहून इतकी खाली?”

या घरात मला हे कोणी विचारलं नव्हतं. तिनं ती टिकली नखानं उचलली, टाचा उंच केल्या आणि वर नेऊन हिरवीच्या शेजारी दाबून लावली. चिकटते का ते बोटानं पुन्हा दाबून पाहिलं.

मग आलमारीच्या मुठीला हात घालून जोरानं ओढत म्हणाली, “मावशी, ही उघडतच नाही. चार दिवस झाले ओढून राह्यली मी.”

नव्या रंगानं दार चिकटलं होतं. मूठ आधी वर उचलायची आणि मग ओढायची. मी दोनदा करून दाखवलं. तिसऱ्यांदा तिनं स्वतः उघडली.