श्रीरंगभावोजींचा अडकलेला नेम

दूध कोमट केलं, चमचाभर विरजण वाटीत काढलं आणि हात तिथेच थांबला. सव्वातीन वाजले होते. मागे ओट्याजवळचं स्टूल सरकल्यासारखं वाटलं. मी वळून पाहिलं नाही. दोन महिने हे असंच चाललंय. स्टूल सरकतं, कुणीतरी बसतं, आणि मग काहीच नाही. शब्द एकसुद्धा नाही.

श्रीरंगभावोजी माझे धाकटे दीर. वालीवला पत्र्याचे डबे करणाऱ्या गाळ्यात एकोणतीस वर्षं प्रेस मशीनवर होते. तीनला पाळी सुटली की आधी आमच्याकडे चहा, मग गोखिवऱ्याला घरी. जाऊबाई गेल्यानंतर घरात ते आणि त्यांची लेक अश्लेषा, दोघंच.

त्यांचं सगळं बोलणं डोक्यावर चालायचं. सुपरवायझर आला की डोक्याला शॉट. लाइट गेली की डोक्याची मंडई. मशीन अडलं की डोक्याचं दही. अश्लेषाने नवा ड्रेस घातला तरी म्हणणार, "ही बघा, बापाच्या डोक्याला शॉट लावायला निघाली." आणि नजर तिच्यावरून हलायची नाही. गाळ्यातल्या पोरांकडून उचललेले शब्द, पण रागावणं, लाड करणं, काळजी, सगळं त्यातच बसवायचे.

मला ते देवघरासमोर खटकायचं. गेल्या आषाढीला मी चातुर्मासासाठी वांगं सोडलं आणि म्हटलं, "भावोजी, तुम्हीही काही सोडा. हे डोक्याचं बोलणं सोडा."

"आणि नेम सुटताना दान काय देऊ? भटजींच्या ओंजळीत मंडई?"

"चेष्टा नको. हात जोडा बघू."

त्यांनी जोडले. "ठीक. पण वहिनी, नेम तुम्ही दिलात, सोडवायचाही तुम्हीच. मला तिथीबिथी कळत नाहीत."

एकदाही चुकले नाहीत. सुरुवातीला ओठ आवळून बसायचे तेव्हा मला हसू यायचं. मग नुसता चहा प्यायचे आणि उठायचे. घर किती शांत झालं, असं मी कौतुकाने माझ्या सणावारांच्या वहीत लिहिलंय.

आज सकाळी अश्लेषा डबा परत द्यायला आली. दारातच उभी राहिली.

"काकू, एक विचारू? मी बँकेतली नोकरी सोडून बेकरीचा कोर्स करते म्हटलं, तेव्हा बाबा नुसतं 'बरं' म्हणाले. नऊ दिवसांनी गेले. रागावूनच गेले ना ते?"

"असं का वाटतं तुला?"

"बाबा 'बरं' म्हणणारे होते का? ओरडले असते, डोक्याचा भुगा केलास म्हणाले असते, तर मला कळलं असतं. उद्या जाऊन नाव काढून घेते. त्यांना नको होतं, तर मलाही नको."

मी तिच्या डब्यात गिरीज गावची चार केळी भरली. "जपून जा," एवढंच म्हणाले. ती गेली.

दुपारी दूध तापत ठेवून वही काढली. आषाढी एकादशी: भावोजींनी डोक्याचं बोलणं सोडलं. त्यानंतर पानं उलटत गेले. कार्तिकी एकादशी: चातुर्मास संपला, तुळशीपाशी दिवे लावले. भावोजींचं नाव नाही. चंपाषष्ठी: वांग्याचं भरीत केलं, माझा नेम सुटला, भावोजी जेवायला होते, दोनदा भरीत घेतलं. जेवण झाल्यावर ते बराच वेळ ताटावरून उठेनात, माझ्याकडे बघत होते, हे वहीत नाही. पण मला आठवतंय. अजून हवं असेल म्हणून मी भाकरी वाढली होती.

पुढच्याच आठवड्यात अश्लेषाने त्यांना कोर्सचं सांगितलं. मार्गशीर्ष संपायच्या आत ते झोपेतच गेले.

म्हणजे शब्द त्यांच्यापाशी होते. मी अडवून ठेवले होते, आणि सोडायचं विसरले. अजूनही स्टुलावर बसून तेच पाळतायत.

मी देवघरापुढे हात जोडून मोठ्याने म्हटलं, "भावोजी, नेम सुटला तुमचा." कान देऊन उभी राहिले. खाली कुणाची तरी स्कूटर सुरू झाली, बाकी काही नाही. माझ्या एकटीच्या म्हणण्याने सुटणार नाही तो. ते शब्द अश्लेषासाठी होते.

दूध आता गार झालंय. ते तसंच झाकून ठेवलं. विरजण संध्याकाळी लावीन. ही वही पिशवीत घालून, तिला आषाढीचं पान दाखवायला, गोखिवऱ्याला अश्लेषाकडे जायचंय, आजच.